शामोनीचे जेवण आणि एक साधा प्रश्न

जिनिव्हाला राहणारा माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून आम्हाला बोलावत होता. कधी शाळेच्या परीक्षा आड येत, कधी अम्मीची तब्येत, कधी व्हिसा. अखेर 2024 च्या उन्हाळी सुट्टीत अल्लाहच्या कृपेने जमले. मी, आमचे हे आणि धाकटा मुलगा असे तिघे गेलो. शाळा उघडायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा भाऊ म्हणाला, "आपा, आता शामोनीला जाऊ. एक रात्र राहू. आणि रात्रीचं जेवण एका चांगल्या फ्रेंच बिस्त्रोत. टेबल मी आधीच सांगून ठेवलंय."

"तिथलं मांस काही हलाल नसणार. मग आपण खायचं काय?" मी विचारले.

"मिळतं काहीतरी, आपा. मी नेहमी खातो ना."

तो नेहमी काय खातो, हे मी तेव्हा विचारले नाही.

जिनिव्हापासून शामोनी सुमारे 80 किलोमीटर. स्वित्झर्लंडची हद्द कधी संपते आणि फ्रान्स कधी सुरू होतो ते कळतही नाही. दरी हळूहळू अरुंद होत जाते आणि एका वळणावर डोळ्यांसमोर एकदम बर्फ उभा राहतो. गाव 1,035 मीटर उंचीवर आहे. उंचीच्या हिशेबाने आपले महाबळेश्वर त्याच्याहून उंच ठरते. पण महाबळेश्वरात आपण डोंगराच्या माथ्यावर उभे राहून खाली बघतो, आणि शामोनीत पायथ्याशी उभे राहून मान मागे टाकून वर बघावे लागते. डोक्यावर मों ब्लाँ असतो, 4,800 मीटरहून थोडा अधिक उंच. मों ब्लाँ म्हणजे पांढरा डोंगर. नाव इतके साधे आहे की आपल्या एखाद्या आजीनेच ठेवले असावे.

8 ऑगस्ट 1786 रोजी याच गावचे दोघेजण पहिल्यांदा त्या शिखरावर पोहोचले. एक डॉक्टर मिशेल पाकार आणि दुसरा डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा जाक बाल्मा. त्यानंतर या गरीब शेतकऱ्यांच्या दरीत पाहुण्यांची वर्दळ वाढत गेली. 1924 मध्ये पहिले हिवाळी ऑलिंपिक इथेच भरले. आज गावभर हॉटेले, बर्फाच्या खेळांच्या सामानाची दुकाने आणि खांद्यावर दोरखंड टाकलेली माणसे दिसतात.

दुपारी आम्ही दातेरी रुळांच्या लाल गाडीने मोंतांव्हेरला गेलो. ही गाडी शंभर वर्षांहून जुनी आहे. वर 'मेर द ग्लास' म्हणजे 'बर्फाचा समुद्र' नावाची हिमनदी आहे. तिच्याकडे उतरताना खडकावर पाट्या लावलेल्या दिसतात: अमुक वर्षी बर्फ इथपर्यंत होता. पाटीमागून पाटी जाते आणि बर्फ अजून खालीच असतो. माझ्या मुलाने विचारले, "अम्मी, समुद्र आटतो का?" मी काही बोलले नाही. त्याचे उत्तर त्या पाट्यांवर लिहिलेले होते.

हॉटेलवर परतून आम्ही जोहर आणि असर एकत्र, कसर करून अदा केल्या. आम्ही शाफई, त्यात मुसाफिर, तेव्हा ही सवलत होती. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ वाजून जातात. म्हणजे साडेसातचे जेवण उन्हातच होणार होते आणि मगरिब नंतर.

निघताना आरशासमोर मी स्कार्फ दोनदा सारखा केला. खरे सांगते, मनात धाकधूक होती. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांतील मुलींना स्कार्फ बांधून वर्गात बसता येत नाही, आणि सरकारी शिक्षिकेला तर तो बांधून शिकवताच येत नाही. मी इथे जन्मले असते तर माझी नोकरी किंवा माझा स्कार्फ, दोघांपैकी एकच राहिले असते. हॉटेलात जेवायला असा काही नियम नाही, हे माहीत होते. पण नियम नसला तरी नजरा असतातच.

चौदा वर्षांची भाची म्हणाली, "फुफी, आत शिरताना आधी 'बोंसुआर' म्हणायचं. काही मागायच्या आधी. नाही म्हटलं तर ते माणसाला उद्धट समजतात." मला गंमत वाटली. आपल्याकडे मोठी माणसे मुलांना हेच तर शिकवतात: आधी सलाम, मग कलाम.

बिस्त्रो हा प्रकार मुळात पॅरिसच्या गल्लीबोळांतला. छोटे जेवणघर, दाटीवाटीने मांडलेली टेबले, घरच्यासारखे दोनतीन पदार्थ आणि फळ्यावर खडूने लिहिलेली यादी. पर्यटनाच्या गावात हे साधेपण तसेच ठेवतात, भाव मात्र साधे राहत नाहीत. आमच्या बिस्त्रोतही फळा होता, भिंतीवर जुन्या लाकडी स्कीच्या पट्ट्या होत्या, गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा टांगलेल्या होत्या. आणि तीन वाढींचे जेवण माणशी 40 युरोच्या आसपास, म्हणजे आपले साडेतीन हजारांहून जास्त. माझ्या डोक्यात लगेच घरच्या महिन्याच्या किराण्याचा हिशेब सुरू झाला. ह्यांनी हळूच म्हटले, "आज पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी बस."

मी "बोंसुआर" म्हटले. पन्नाशीच्या वाढपीण बाईंनीही "बोंसुआर, मादाम" म्हटले, आणि खिडकीजवळचे टेबल दाखवले. शेजारच्या टेबलावरचे लोक आपल्या बोलण्यात दंग होते. कोणीही वळून पाहिले नाही.

यादी वाचताना मात्र माझे मन खाली बसू लागले. हा सगळा भाग साव्हुआ प्रांताचा, इथले जेवण थंडीतल्या गवळ्यांचे. बटाटे, लोणी, चीज आणि डुकराचे मांस. 'तार्तिफ्लेत' म्हणजे बटाटे आणि रब्लोशों चीज भट्टीत भाजलेले, पण त्यात डुकराचे तुकडे. 'फोंद्यू' म्हणजे मधल्या भांड्यात वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचे, पण ते चीज वितळवतात पांढऱ्या वाईनमध्ये. 'राक्लेत' बरोबर सुकवलेल्या मांसाच्या चकत्या येतात. 'दियो' म्हणजे डुकराचे सॉसेज. कोंबडी होती, गोमांस होते, पण ते बिस्मिल्लाह म्हणून जबह केलेले नाही.

भावाने यादी मिटली. "मी कांद्याचं सूप घेतो. तुम्ही मासे घ्या. विचारत बसायला नको."

"का नको?"

"सगळ्यांसमोर कशाला, आपा."

मी भाचीकडे वळले. "बेटा, तू माझ्यासाठी विचार. सरळ सांग, आम्ही मुसलमान आहोत. डुक्कर, दारू आणि हलाल नसलेलं मांस आम्ही खात नाही. यातलं काय आम्हाला चालेल?"

भाचीने अगदी शाळेतल्या कवितेसारखे ते म्हणून दाखवले. मला वाटले होते की बाई एकतर कपाळाला आठ्या घालतील, नाहीतर उगीच गोड हसतील. त्यांनी यातले काहीच केले नाही. "एक मिनिट" म्हणून त्या आत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या.

ती फाइल वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपियन युनियनच्या नियमानुसार प्रत्येक हॉटेलाला आपल्या पदार्थांत ठराविक 14 घटकांपैकी काय आहे याची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. गहू, अंडी, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ असे ते घटक, ज्यांची काहींना ॲलर्जी असते. त्यात एक रकाना सल्फाइटचा असतो, आणि वाईनमध्ये सल्फाइट असते. हा रकाना भरलेला असला म्हणजे वाईन आहेच असे नाही, कारण सुक्या फळांतही सल्फाइट सापडते. पण तिथे खूण दिसली की पुढचा प्रश्न विचारता येतो. भाची आणि त्या बाई एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येऊ लागल्या.

कांद्याच्या सुपावर बोट थांबले. भाचीने दोनदा विचारून खात्री केली आणि मग बापाकडे न बघता म्हणाली, "यात बीफच्या हाडांचा रस्सा आहे. आणि पांढरी वाईन. त्या म्हणतात, हे सूप असंच करतात."

भाऊ काही बोलला नाही. तो काचेतून बाहेर बघत राहिला.

मी पटकन दुसऱ्या पदार्थांकडे वळले. सुरुवातीला बीट आणि अक्रोडाची कोशिंबीर. मुख्य जेवणात ट्राउट मासा 'म्युनिएर' पद्धतीचा, म्हणजे पीठ लावून लोण्यात परतलेला, वरून लिंबू आणि पार्स्ली. त्याबरोबर 'ग्राताँ दोफिनुआ', म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या दूध-साय, लसूण आणि जायफळ घालून मंद आचेवर भाजलेल्या. बाईंनी स्वतःहून एक गोष्ट विचारली, जी मला सुचलीही नव्हती: "मासा ज्या तव्यात परततात त्यात कधी डुकराचे तुकडेही परततात. आचाऱ्याला वेगळा तवा घ्यायला सांगू का?" मी एवढीच मान हलवली. घसा दाटून आला होता.

चीजचे ताट आम्ही घेतले नाही. इथले बोफोर, रब्लोशों ही चीजे वासराच्या पोटातल्या विरजणाने गोठवतात. त्याबद्दल आलिमांची मते एकसारखी नाहीत, पण आम्ही सावधगिरीची बाजू धरली.

आता जेवणाबद्दल. कोकणी माणसाला हळद-तिखटाशिवाय मासा म्हणजे आजाऱ्याचे पथ्य वाटते. माझ्या मुलाने पहिल्या घासाला "मिरची आहे का?" असे विचारलेच. पण दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मला चव लागू लागली. थंड पाण्यातला मासा, समुद्राचा खारेपणा नाही, मांस नाजूक. लोणी तपकिरी होईपर्यंत तापवलेले, त्याला बदामासारखा वास. मसाला नव्हता म्हणून मासा किती ताजा आहे ते लपायला जागाच नव्हती. बटाटे तर मुलांनी चाटूनपुसून खाल्ले.

पाव ताटलीत नव्हे, सरळ टेबलावर ठेवतात, आणि ताटात उरलेले लोणी पावाने टिपून खाल्ले तर कोणी हसत नाही. अन्न वाया न घालवणे आपल्याला शिकवलेलेच आहे, म्हणून ही रीत मला फार आवडली. पाणी विकत घ्यावे लागत नाही. 'काराफ दो' म्हटले की नळाचे पाणी सुरईत भरून आणून देतात, त्याचे पैसे नाहीत. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे टिप द्यायलाच हवी असे नाही. आणि बिल आपण मागेपर्यंत येत नाही. टेबल रात्रभर आपले. दोन तासांहून अधिक बसलो, कोणी घाई केली नाही. एवढे पैसे लोक मोजतात ते थोडे जेवणाचे आणि बरेचसे या निवांतपणाचे असावेत.

शेवटी मुलाने चॉकलेट मूस मागितले. बाई आत गेल्या आणि लगेच परत आल्या. "माफ करा, मूसमध्ये एक चमचा लिकर असते. मघाशी सांगायला विसरले." मुलाचे तोंड पडले, पण निळ्या रानबेरीची तार्त आल्यावर फुलले. मी मात्र त्या बाईंकडे बघत राहिले. त्या गप्प राहिल्या असत्या तर आम्हाला कधीच कळले नसते. अमानतदारी आणखी काय असते?

बाहेर आलो तेव्हा दरीत अंधार उतरला होता आणि शिखर अजून गुलाबी होते. हॉटेलवर जाऊन मगरिब आणि इशा एकत्र पढलो. नंतर भाऊ म्हणाला, "आपा, जरा फिरून येऊ." आर्व नदीच्या काठाने आम्ही तिघे चाललो. हिमनदीने दगड दळून केलेली भुकटी मिसळल्यामुळे तिचे पाणी दुधी राखाडी असते.

"ऑफिसच्या प्रत्येक जेवणात मी हेच सूप मागवत आलोय," तो म्हणाला. "मी सांगतो की मी शाकाहारी आहे. ते सोपं जातं. पुढचे प्रश्न येत नाहीत. मुसलमान आहे म्हटलं की सगळे क्षणभर गप्प होतात, असं मला वाटतं. खरंच गप्प होतात की नाही, ते मी कधी बघितलंच नाही."

मी त्याला उपदेश केला नाही. करण्याचा हक्क नव्हता. बी.एड.ला असताना सहलीत मैत्रिणी हॉटेलात जेवायला बसल्या की मी "पोट बरं नाही" म्हणत असे. एकदा तर रोजा नसताना "रोजा आहे" म्हणाले होते. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री भावाला सांगितले.

ह्यांनी एवढेच म्हटले, "नकळत झालं त्याची माफी माग. अल्लाह मेहरबान आहे. पण आता कळलंय. यापुढे विचारत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना भावाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समोर बोसों हिमनदी मों ब्लाँच्या अंगावरून खाली आलेली दिसत होती. या डोंगराचे मुंबईशी एक दुःखाचे नाते आहे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान इथे आदळले आणि 48 जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांत बहुतेक बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. 24 जानेवारी 1966 रोजी 'कांचनजंगा' हे दुसरे विमान याच डोंगरावर कोसळले. त्यात 117 जण गेले, डॉ. होमी भाभाही त्यांतच होते. बर्फ वितळतो तशा त्या विमानांच्या वस्तू अजूनही हिमनदीतून बाहेर येतात. 2020 मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची 1966 ची भारतीय वर्तमानपत्रे सापडली होती.

पहिल्या विमानातले खलाशी कोणत्या गावचे, कोणाचे, मला ठाऊक नाही. पण कोकणातल्या मुसलमान घरात 'खलाशी' हा शब्द परका नसतो. आमचे आजोबा विलायती कंपनीच्या बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. त्या काळी हिंदी खलाशांसाठी बोटीवर त्यांचा स्वतःचा भंडारी असे, कारण साहेबांच्या भटारखान्यातले त्यांना चालत नसे. आजोबा सांगत, एखाद्या बंदरात हलाल मांस मिळाले नाही तर डाळ, भात आणि सुके बोंबील, पण भांडे आपले. त्यांना सही येत नव्हती, अंगठा उठवत. त्या माणसांनी गोऱ्या कप्तानाकडून आपली वेगळी चूल घेतली, आणि पदव्या घेतलेली आम्ही नातवंडे वाढप्याला एक प्रश्न विचारायला लाजतो.

आम्ही तिथे उभे राहून गेलेल्या सर्वांची आठवण केली. आमच्या त्या अनोळखी खलाशी भावांसाठी फातिहा पढलो. भाऊही पढला. मग गाडीत बसलो.

निघण्यापूर्वी भाचीने मला एक कागद लिहून दिला, फ्रेंच वाक्ये देवनागरीत: "नू सोम म्यूझुल्मां. सां पोर, सां आल्कोल, सां व्हियांद, सिल व्हू प्ले." म्हणजे, आम्ही मुसलमान आहोत; डुकराचे मांस, दारू आणि मांस नसलेले द्या, कृपा करून. वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेले तर त्यांना उपयोगी पडेल. शेवटचा 'कृपा करून' गाळू नये, आणि आधीचा 'बोंसुआर' तर मुळीच नाही. मासे वेगळे मागता येतात, आणि तव्याचे विचारायला विसरू नये.

दीड-दोन महिन्यांनी भावाचा फोन आला. ऑफिसचे जेवण होते. त्याने सगळ्यांसमोर विचारले. वाढप्याला माहीत नव्हते, तो आत जाऊन आला आणि म्हणाला की आजच्या प्रत्येक गरम पदार्थात वाईन आहे.

"मग तू काय खाल्लंस?" मी विचारले.

"पाव, कोशिंबीर आणि फळं. पोट काही भरलं नाही, आपा," तो म्हणाला. आणि हसला.